कंपनी फंडाने घेतली, मुलीने नोकरी सोडावी का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत कॉस्टिंगला (कुठला पार्ट बनवायला किती खर्च येतो त्याचा हिशोब), साडेतीन वर्षं झाली, दिवाळीनंतर मालकांनी कंपनी प्रायव्हेट इक्विटी फंडाला (गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून कंपन्या विकत घेणारा फंड) विकली, नवीन सीएफओ, म्हणजे पैशांचा कारभार बघणारा साहेब, दर सोमवारी सकाळी रिपोर्ट मागतो आणि घरी सगळ्यांचं एकच, कंपनी विकली म्हणजे संपलं, बँकेच्या परीक्षा दे.

आत्ता राजीनामा नको, हे आधी सांगतो.

फंडवाले कंपनी घेतात ती पुढे विकायलाच, साधारण चार ते सात वर्षांत. समजा नफ्याच्या 10 पट भाव मिळणार असेल तर वर्षाला 1 कोटी वाचले की विकताना किंमत 10 कोटींनी वाढते, म्हणून तर स्क्रॅप किती निघतं, कुठल्या कस्टमरचे पैसे अडकलेत, कुठला पार्ट तोट्यात जातोय असं सगळं खोदून खोदून विचारतात. आणि हे आकडे काढतं कोण, तर तुमचीच मुलगी ना! सोमवारच्या त्या शीटचा तिला वैताग येत असेल पण एरवी दहा वर्षांनी शिकायला मिळालं असतं ते आत्ताच मिळतंय. झळ बहुतेक वेळा बसते ती ज्यांचं काम बाहेर देता येतं त्यांना, पेरोल, अॅडमिन वगैरे.

मालक बदलला की कंपनी बुडतेच असं काही नाही. महापेची आयटी कंपनी हेक्सावेअर बघा, 2013 ला बेअरिंग या फंडाने घेतली, 2021 ला कार्लाईल या दुसऱ्या फंडाने आणि 2025 ला परत शेअर बाजारात आली. उलट अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची कंपनी टॉयज आर अस, तीही अशाच फंडांनी घेतलेली, 2005 मध्ये ती विकत घ्यायला काढलेलं कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं, वर ऑनलाइनवाल्यांची स्पर्धा, 2017 ला दिवाळखोरी आणि 2018 ला तिकडची दुकानं बंद. तेव्हा कर्ज किती वाढलंय त्यावर तिने लक्ष ठेवावं, एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साईटवर कंपनीने कुठल्या बँकेकडे काय तारण ठेवलंय ते कोणालाही बघता येतं.

एचआरला एक विचारायला सांगा, शेअर्स विकलेत की फक्त धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेलाय? शेअर्स विकले असतील तर कंपनी तीच, जुनं अपॉइंटमेंट लेटर आणि सर्व्हिस चालू. नवीन लेटर देत असतील तर जुनी साडेतीन वर्षं धरली आहेत हे त्यात लिहून घ्या, ग्रॅच्युइटीला 5 वर्षं लागतात, उगाच परत शून्यापासून कशाला. आणि कोणी केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यावर सही मागितली तर तिथल्या तिथे करायची नाही, घरी वाचून सांगते म्हणायचं.

मोशीच्या फ्लॅटचं विचारलंत. घ्या, पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकल्याशिवाय बुकिंग नको.