कापसाचे तीन लाख डेल्हिवरीत टाकू का?

पारोळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय, कापसाचे तीन लाख आलेत, गल्लीत पार्सलवाल्या पोरांच्या गाड्या रोज वाढताय, मग सगळे पैसे डेल्हिवरीच्या शेअरमध्ये टाकू का ब्लू डार्टच्या (दोन्ही पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या), अमळनेरच्या लोकांनी तिथेच सुरू झालेल्या विप्रोचा शेअर धरून ठेवला तसा मीपण धरीन. खाली लिहिलंय, पोरीची ॲडमिशन जूनमध्ये आणि सोसायटीचं पीककर्ज बाकी आहे.

भाऊ, गाड्या वाढल्या हे खरंय, पण त्यातलं पार्सल कोणाचं ते बघा. डेल्हिवरीची एक्सप्रेस पार्सलं २०२१-२२ ला ५८ कोटी होती, मग ६६, मग ७४ आणि २०२४-२५ ला ७५, म्हणजे दोन वर्षं आठ-आठ कोटी वाढली आणि तिसऱ्या वर्षी जेमतेम एक, कारण मीशो या ऑनलाइन खरेदीच्या ॲपने व्हॅल्मो नावाचं स्वतःचं नेटवर्क उभं केलं आणि माल तिकडे वळला. गंमत म्हणजे त्याच वर्षी कंपनीला पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा झाला, १६२ कोटी. नुसती पार्सलं मोजून शेअर घ्यायचा नसतो तो यासाठी. २०२५ मध्ये डेल्हिवरीने ईकॉम एक्सप्रेस ही दुसरी पार्सल कंपनी सुमारे १,४०० कोटींना घेतली, त्यामुळे त्यानंतरचे आकडे फुगलेले दिसतील, ती विकत घेतलेली वाढ आहे हे लक्षात ठेवा.

ब्लू डार्ट १९८३ ची, ७५ टक्के मालकी डीएचएल या परदेशी कुरिअर कंपनीकडे, स्वतःची मालवाहू विमानं, पार्सलं कमी पण दर जास्त. नफ्याची सवय जुनी आहे, तरी २०२४-२५ ला तिथेही नफा घटला.

दोन्हीत मला ब्लू डार्ट जास्त भरवशाची वाटते, पण तुमच्यासाठी आधी तो प्रश्नच नाही. डेल्हिवरीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, मे २०२२ मध्ये ४८७ रुपयांना आला आणि नंतर भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिला, अशा वेळी जून आला तर पोरीच्या फीसाठी तोट्यात विकाल का? अमळनेरवाल्यांनी विप्रो वर्षानुवर्षं धरला, त्या पैशाची त्यांना पुढच्या जूनमध्ये गरज नव्हती हो.

म्हणून आधी पीककर्ज भरा, वेळेत भरलं तर व्याजसवलत मिळते, तेवढा पक्का फायदा कुठला शेअर देत नाही. फीचे पैसे बँकेत एफडीला, मे मध्ये सुटेल अशी. उरले त्यातले फार तर तीस हजार शेअरला, तेही तीन-चार हप्त्यांत, बाकीचे इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडात. सोसायटीतून भरल्याची पावती घेऊन या, मग डिमॅटचा, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याचा, फॉर्म सोबत भरू.