मुंबई विद्यापीठातल्या आफ्रिकन स्टडीजच्या, म्हणजे आफ्रिका खंडाच्या अभ्यासाच्या, कार्यक्रमांना बाहेरच्या विद्यार्थ्यांनी जावं का? त्यातून पुढे काही संधी मिळते का?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, आहात, विद्यापीठाच्या कलिना परिसरात आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे हे नुकतंच कळलं, तिथल्या एका परिसंवादाची सूचना हाती आलीय, आणि घरचे विचारतायत, "यातून पुढे काय?"

जा. नक्की जा. मी राज्यशास्त्रात एम.ए. करताना तिथल्या एका परिसंवादाला पहिल्यांदा गेले आणि माझ्या आयुष्याची दिशा तिथून वळली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हे केंद्र काल-परवा निघालेलं नाही. 1960 या एका वर्षात आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले. त्या देशांशी संबंध जोडायचे तर त्यांचा अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे हवीत, हा विचार तेव्हा दिल्लीत पक्का होता. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाची सुरुवात 1955 मध्येच झाली होती. मुंबईचं केंद्र 1971 मध्ये सुरू झालं. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ आपल्या शहरात हे काम चालू आहे, आणि कलिन्याच्या फाटकासमोरून रोज जाणाऱ्या कित्येकांना त्याचा पत्ता नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

परिसंवाद कसा असतो ते सांगते. सकाळी उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं. सभागृह भरलेलं असतं. जेवण झालं की निम्मे लोक निघून जातात. तुम्ही निघू नका. दुपारच्या सत्रात संशोधक विद्यार्थी आपापले निबंध वाचतात, तिथे खरं शिकायला मिळतं. माझ्या वेळी अशाच एका सत्रात मी ऐकलं की 1920 पर्यंत केनियात रुपया चालत होता. मी हात वर केला आणि विचारलं, "रुपया म्हणजे आपला रुपया?" हो, आपलाच. आधी हिंदुस्थानचा, मग त्याच धर्तीवर पाडलेला पूर्व आफ्रिकेचा. मोंबासाच्या बाजारात मुंबईचा व्यापारी ज्या नाण्यात हिशेब करायचा, त्यातच तिथला शेतकरीही करायचा.

सत्र संपल्यावर कँटीनमध्ये टांझानियाचा एक विद्यार्थी भेटला. मी सहज विचारलं, स्वाहिलीत हिशेबाला काय म्हणतात. तो म्हणाला, "हेसाबु." मग आमचं सुरूच झालं. दुकान म्हणजे 'दुका'. गाडी म्हणजे 'गारी'. पैसा म्हणजे 'पेसा'. लाख म्हणजे 'लाकी'. साबण म्हणजे 'साबुनी', वकील म्हणजे 'वाकिली', विमा म्हणजे 'बिमा'. बशीखालच्या कागदी रुमालावर तो लिहीत होता आणि समोर मी मराठी शब्द लिहीत होते. काही शब्द अरबीतून दोघांकडे आलेले, काही इथल्या व्यापाऱ्यांनी गलबतातून तिकडे नेलेले. तो रुमाल अजून माझ्या फाइलमध्ये आहे. चहाच्या त्या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं एका सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं. म्हणून म्हणते, प्रमाणपत्र मिळेल ते घ्या, पण त्यासाठी जाऊ नका. माणसांना भेटायला जा.

आता निबंध वाचण्याबद्दल. श्रोता म्हणून जाणं सोपं, निबंध वाचायचा तर आधी दोन-अडीचशे शब्दांचा गोषवारा पाठवावा लागतो. माझा पहिला गोषवारा 'भारत-आफ्रिका संबंध : काल, आज आणि उद्या' असा होता. ज्या सरांना दाखवला त्यांनी एकच विचारलं, "कोणती आफ्रिका?" मला उत्तर देता आलं नाही. 54 देश, हजाराच्या वर भाषा, आणि मी सगळं बारा पानांत कोंबायला निघाले होते. सरांनी सांगितलं, एक देश घे, एक भाषा घे, आणि मुंबईत बसून ज्याची मूळ कागदपत्रं हाताला लागतील असा एक विषय घे. तोच सल्ला मी तुम्हाला देते. माझ्या अनुभवात यापेक्षा मोलाचा सल्ला मला कुणी दिलेला नाही.

आणि मुंबईत बसून हाताला लागेल असं इतकं आहे की विचारू नका. काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे. एकोणिसाव्या शतकातला बराच काळ झांझिबारमधला ब्रिटिश प्रतिनिधी मुंबई सरकारला पत्रं लिहीत असे. लवंग, हस्तिदंत, गुलामांचा व्यापार, कच्छी सावकारांची देणी, सगळं त्या पत्रव्यवहारात आलेलं आहे. झांझिबारचा इतिहास लिहायला परदेशी संशोधक आपल्या शहरात येऊन ती बाडं वाचतात. तुम्हाला तर फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं.

नाशिकही फार लांब नाही. समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांचं आरमार मुंबईला आणत असे. त्यातली अनेक मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. जेकब वेनराइट हा त्यातलाच. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्या साथीदारांनी त्याचं शव शेकडो मैल पायी चालत किनाऱ्यावर आणलं. जेकब त्यांच्यात होता. ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं काळीज पुरलं त्यावरची अक्षरं त्यानेच कोरली, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही उभा होता. शरणपूरच्या काही मुलांना पुढे मोंबासाजवळच्या वसाहतीत नेलं. त्या वसाहतीचं नाव फ्रिअर टाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. तिकडे या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. नाशकात शिकून मोंबासाला 'मुंबईकर' ठरलेली ही माणसं, आणि मराठीत त्यांच्यावर किती कमी लिहिलं गेलंय! कुणीतरी हे काम हाती घ्यायला हवं. तुम्ही घेतलंत तर मला फार आनंद होईल.

मलिक अंबर तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पण तो हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता हे आपण एका ओळीत उरकतो. त्याने 1610 मध्ये वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 1624 ला भातवडीत त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना हरवलं, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल वेगळं सांगायला नको. मॉरिशसला गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज तिथे आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशस आफ्रिकन युनियनचा सदस्य आहे, म्हणजे तोही आफ्रिकन स्टडीजचाच विषय.

जुनं नको असेल तर वाशीच्या एपीएमसीत जा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे मलावीचा हापूस येतो. आपल्याकडची कलमं तिकडे लावली, आणि विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटा म्हणून आपल्या थंडीत तिकडे आंबा पिकतो. पेटी उघडली की वास ओळखीचा, देठाजवळचा रंग मात्र किंचित वेगळा. कोकणातल्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतली कच्ची बी येते. मोझांबिकशी 2016 मध्ये तुरीचा करार झाला, तिथली तूर आपल्या वरणात आहे. आणि टांझानियात रिक्षाला 'बजाजी' म्हणतात, आपल्या पुण्याच्या बजाजवरून. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर टी.वाय.चा प्रकल्प होतो.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या वाटेने जायचं तर नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, 'इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज' असा विषय आहे. त्यातून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात, त्यावर पीएच.डी. करता येते. परदेशी जायचं तर लंडन विद्यापीठाचं सोआस हे कॉलेज आणि ऑक्सफर्ड इथे आफ्रिकेचा अभ्यास होतो, आणि दोन्हीकडे भारतीय विद्यार्थ्यांसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. त्याला पदवीला प्रथम श्रेणी लागते, म्हणून टी.वाय.चे गुण सोडू नका.

नोकरीची वाट मी स्वतः चालले. मी अंधेरीच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे परदेशी माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीत पूर्व आफ्रिकेचं काम बघते. युगांडाला समुद्र नाही, त्याचा बहुतेक माल मोंबासावरून जातो. केनियाला माल पाठवायचा तर बहुतेक वस्तूंची तपासणी इथेच होऊन सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे माल तिथल्या मानकांप्रमाणे असल्याचा दाखला, लागतो. तो नसेल तर कंटेनर तिकडे अडकतो आणि पार्टीला रोजचा दंड बसतो. हे मला परिसंवादात कुणी शिकवलं नाही. पण मुलाखतीत मी स्वाहिलीत चार वाक्यं बोलले आणि दार-ए-सलामची गिऱ्हाइकं कुठला माल मागवतात त्यावर बोलू शकले, म्हणून मला घेतलं. मुंबईत असं काम बरंच आहे. आफ्रिकन देशांना कर्ज देणाऱ्या एक्झिम बँकेचं मुख्यालय कफ परेडला आहे. औषध कंपन्या आहेत. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सची तिहेरी औषधं माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव 10,000 डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत असंख्य लोक जगले त्यात या शहराचा वाटा आहे. बाबांना हे जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. कार्यक्रमात आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी भेटतील. मुंबईत त्यांना घर मिळताना काय सोसावं लागतं ते माझ्या मैत्रिणीकडून, रवांडाच्या मुलीकडून, मी ऐकलंय. फोनवर हो म्हणणारे मालक दारात चेहरा बघून नाही म्हणायचे. एका महिन्यात असं सहा वेळा झालं. शेवटी मी तिच्यासोबत गेले, तेव्हा सांताक्रूझला खोली मिळाली. तुम्ही त्यांच्या देशांवर निबंध लिहिणार असाल तर आधी त्यांच्या शेजारी बसा, जेवायला घरी बोलवा. त्यांच्याकडून फक्त माहिती काढून घेऊ नका.

25 मेला आफ्रिका दिन असतो, 1963 मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली तो दिवस. तो आपल्या सुट्टीत येतो, त्यामुळे गावी जायच्या आधी चौकशी करून ठेवा. 7 जुलै हा स्वाहिली भाषा दिन. तुमच्या हातातल्या सूचनेत गोषवाऱ्याची मुदत उलटून गेली असेल तर श्रोता म्हणून नाव नोंदवा, कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा. डोंबिवलीहून येताना कुर्ल्याला पश्चिमेला उतरा, तिथून कलिन्याची बस किंवा रिक्षा मिळते. वही न्या. आणि दुपारच्या चहापर्यंत थांबा.