थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच घेतली तर चालते का?

नाही चालत. 'शेवटी सगळं एकाच पोटात जातं' असं सांगणारा घरोघरी एक असतोच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

औषधाच्या काउंटरवर दिसणारं नेहमीचं प्रकरण सांगतो. बाईंचं थायरॉइडच्या ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीवर छान चाललेलं असतं, टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की वाढतो) ३ च्या आसपास. हाडांचे डॉक्टर कॅल्शियम कार्बोनेट ५०० लिहून देतात. मुलगा कौतुकाने आठवड्याच्या खणांची डबी आणतो आणि 'सकाळ'च्या खणात दोन्ही गोळ्या शेजारी-शेजारी बसतात. दोन महिन्यांनी टीएसएच ११. नवीन काय सुरू केलंत, हे न विचारताच डोस १००. पुढे कॅल्शियम संपतं, १०० मात्र तसाच चालू राहतो. मग छातीत धडधड, हात थरथरतात, झोप उडते, आणि बाई हृदयाच्या डॉक्टरांच्या रांगेत.

मूळ कारण एवढंच की कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून बसतं आणि दोघं मिळून बाहेर पडतात. लोहाची गोळी, अॅल्युमिनियमवालं अँटासिड, सुक्रालफेट (अल्सरचं औषध) यांचंही तेच. चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम कार्बोनेट पचायला तसंही जेवण लागतं, म्हणून ते दुपारच्या जेवणानंतर घ्या. थायरॉइडची गोळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, आणि दुधाचा चहा अर्ध्या-पाऊण तासाने. सकाळ जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते.

पँटोप्राझोलचं, म्हणजे अॅसिडिटीच्या गोळीचं, मात्र अंतर ठेवून भागत नाही, कारण ते दिवसभर पोटातलं आम्लच कमी करतं आणि थायरॉइडची गोळी विरघळायला ते आम्ल लागतं. पँटोप्राझोल रोज लागणार असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघून डोस ठरवावा लागतो. (आणि ते रोज खरंच लागतं का, हेही एकदा विचारा. प्रसाद नाही तो.)

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्याने थायरॉइडची गोळी अडत नाही, पण काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं.

हे सगळं वाचून स्वतःच डोस कमी-जास्त करू नका. गरोदर असाल, वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), फिटांच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा. आणि जाताना चिठ्ठी नको, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चिठ्ठीवर कॅल्शियम कधीच नसतं.