मागचा स्वे बार (दोन्ही चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कमी कलू देणारा दांडा) १६ मिमीवरून १९ मिमी केला तर वळणावर फरक जाणवेल का?

जाणवेल, चांगलाच. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे या ३ मिमीत जवळपास दुप्पट. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं नाक वळणाबाहेर ओढलं जाणं कमी होतं.

बसवताना मागची दोन्ही चाकं एकदमच उचला. एकच उचललंत तर बार पिळलेला राहतो आणि लिंकचा (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) बोल्ट भोकात बसता बसत नाही. पॉलियुरेथेन बुशला (बारला धरून ठेवणाऱ्या कडक प्लास्टिकसारख्या कड्याला) आतून सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुईकुई ऐकायची तयारी ठेवा. बारच्या टोकाला दोन भोकं असतील तर सुरुवात अगदी शेवटच्या, म्हणजे बार मऊ ठेवणाऱ्या भोकापासून.

ओल्या रस्त्यावर भर वळणात ॲक्सिलरेटर झटकन सोडला तर मागची बाजू निसटू शकते. टायर गुळगुळीत झाले असतील तर बारआधी तेच बदला.