पिंडावरचा कावळा, एसीवरचं कबुतर

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात माझ्या मामाचं दहावं होतं, ओंकारेश्वरला. कावळे समोरच झाडावर बसलेले पण पिंडाला शिवायला एक येईना. मामेभावाने हात जोडून "आईचं मी बघतो, काळजी करू नका" सांगितलं तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. येताना रिक्षात आठवीतली लेक म्हणते, आई तो कावळा तिथे बसून नक्की काय विचार करत असेल गं? मला काही सुचलंच नाही. – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मामा गेले, वाईट वाटलं. पण लेकीचा प्रश्न भारी आहे हं. जरा कावळ्याच्या बाजूने बघा, सकाळपासून त्या घाटावर किती पिंड झालेले असतात, पोट टम्म, त्यात खाली एवढी माणसं टक लावून त्याच्याकडेच बघतायत, आणि कावळ्याला कोणी रोखून बघितलेलं अजिबात चालत नाही. त्यामुळे माझा अंदाज सांगू का, त्याच्या डोक्यात मामा नव्हतेच, तुमचा मामेभाऊ होता. हा कोण, हात कशाला हलवतोय, मागे कधी याने दगड भिरकावला होता का.

आणि हे मी हवेत नाही बोलत. अमेरिकेत सिअ‍ॅटलला जॉन मार्झलफ म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमने २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कोणीही कॅम्पसमधून चालत गेलं की कावळे डोक्यावर येऊन कावकाव करून नुसता शिमगा करायचे, वर्षानुवर्षं, आणि जे कधी पकडलेच गेले नव्हते तेसुद्धा, म्हणजे ही खबर एकमेकांकडून पसरली. दुसरा मुखवटा घातला तर तेवढा राग नाही. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, पण खानदान एकच.

त्याच खानदानातला जे नावाचा पक्षी खाऊ पुरून ठेवतो. पुरताना दुसऱ्या जेने बघितलं तर नंतर एकटा असताना येऊन जागा बदलतो. पण गंमत पुढे आहे, केंब्रिजला २००१ मध्ये दिसलं की जागा बदलतात ते ज्यांनी स्वतः कधीतरी दुसऱ्याचा खाऊ ढापलाय, बाकीचे साधेभोळे बदलत नाहीत. चोराच्या मनात चांदणं!

आता लेक लगेच विचारेल, एवढा शहाणा तर मग कोकिळेचं पिल्लू कसं काय पोसतो? जूनमध्ये बघा, कावळी त्या परक्या धटिंगणाला घास भरवून भरवून दमलेली असते. मला वाटतं कावळ्याने संशय घ्यायचा तो माणसाचा, नाहीतर दुसऱ्या कावळ्याचा. घरट्यात चोच वासून ओरडणाऱ्या पिल्लाचा संशय घेत बसला तर एखाद वेळी स्वतःचंच उपाशी ठेवेल, तिथे डोकं न चालवणंच परवडतं. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याचं डोकं सगळीकडे सारखं चालत असेल असं धरू नका, जिथे पोटाचा नाहीतर जिवाचा प्रश्न तिथे ते फार बारीक चालतं.

प्रश्न : वेताळ टेकडीवर घारी गोल गोल फिरत असतात, बोअर होत नसेल? – कॉलेजकुमार, पौड रोड

उत्तर : बोअर व्हायला वेळ कुठंय. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, त्या हवेच्या खांबातून बाहेर पडायचं नाही म्हणून ते गोल गोल. पुढच्या वेळी तिची शेपूट बघ, सुकाणूसारखी सारखी वळत असते, पंख मात्र जवळजवळ स्थिर. "घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी" म्हणतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, घरटं असतं तेव्हा ठीक आहे, एरवी चित्त बहुतेक मेलेल्या उंदराशी.

प्रश्न : पक्ष्यांना स्वप्नं पडतात का हो? – आजोबा, बिबवेवाडी

उत्तर : पडत असावीत. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत बघितलं, २००० मधली गोष्ट, तर दिवसा गाताना ज्या पेशी ज्या क्रमाने चालतात तोच क्रम झोपेतही मधूनमधून चालत होता. झोपेत रियाज म्हणा ना आजोबा.

प्रश्न : कबुतरांना डोकं असतं का? दोन काड्या टाकून माझ्या एसीच्या आउटडोअर युनिटवर संसार थाटतात, हाकललं तरी परत हजर. – वैतागलेली, कोथरूड

उत्तर : असतं, आणि चांगलं असतं. १९९५ मध्ये जपानमध्ये कबुतरांना मोने आणि पिकासोची चित्रं वेगवेगळी ओळखायला शिकवलं, तर आधी कधी न दाखवलेली चित्रंसुद्धा त्यांनी बरोबर ओळखली, मला नसती जमली. तुमच्या एसीचं म्हणाल तर त्यांचे रानातले पूर्वज कड्याकपारीत अंडी घालायचे, तुमची बिल्डिंग त्यांना कडाच वाटत असणार, आणि सपाट कपारीत अंडं गडगडू नये एवढ्याच काड्या लागतात, जास्तीचं विणकाम कशाला करतील? तुम्ही हाकलता तेव्हा ती "या बाईंना आपण नकोत" असं काही मनाला लावून घेत नसावीत, कपार चांगली आहे, परत जाऊ, बास. तेव्हा सरळ जाळी मारून घ्या, फक्त जाळीवाला येण्याआधी आत अंडी-पिल्लं नाहीत ना ते टॉर्च मारून बघा, असली तर महिना-दीड महिना थांबा.