प्लेराइट: सीआयवर अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्टसाठी कॉन्फिगमध्ये काय बदलू?

प्लेराइटच्या (वेब ॲप ब्राउझरमध्ये आपोआप तपासणारं साधन) टेस्ट टाइमआउट (एका टेस्टला दिलेली कमाल वेळ) वाढवूनही सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) अधूनमधून फेल होतात, असं तुम्ही म्हणताय. मग तो मूळच्या ३० सेकंदांवर परत आणा. वाढवल्यानं चूक फक्त उशिरा दिसते.

फक्त सीआयसाठी ‘रिट्राइज’ (फसलेली टेस्ट पुन्हा किती वेळा चालवायची) २ ठेवा (मुळात ० असतं). ‘ट्रेस’ला (टेस्ट चालतानाची सविस्तर नोंद) बरेच जण ‘ऑन-फर्स्ट-रिट्राय’ देतात, पण त्यात दुसरा प्रयत्न नोंदला जातो आणि नेमका तोच पास होतो! म्हणून ‘रिटेन-ऑन-फेल्युअर’ द्या. फसलेल्या प्रयत्नाचा डॉम (पानाची रचना), नेटवर्क, कन्सोल सगळं ट्रेस व्ह्यूअरमध्ये पाहता येतं. रिपोर्टमध्ये ‘फ्लेकी’ (आधी फेल, मग रिट्रायमध्ये पास) दिसलेली टेस्ट कृपया सोडून देऊ नका, कधीकधी तो ॲपमधलाच बग असतो.

सीआयचं मशीन लहान असेल तर ‘वर्कर्स’ (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) १ करून बघा.