हमी पाच वर्षांची, मुदत दोनच वर्षांची

घनसावंगी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलंय. साडेतीन एकर जमीन, त्यात दोन एकर मोसंबी, विहिरीवर सरकारी योजनेतला ५ एचपीचा सौर पंप. दोन वर्षांपूर्वी ७ जूनच्या रात्री विजांसह पाऊस झाला आणि सकाळपासून पंप बंद. आठवड्याने पंप बसवणाऱ्या एजन्सीचा मेकॅनिक आला, कंट्रोलर (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारा डबा) खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन गेला. ‘दहा दिवसांत आणतो’ म्हणाला. त्यानंतर नुसते फोन आणि व्हॉट्सॲप. गेल्या दिवाळीत एजन्सीने लेखी कळवलं की, विजेने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. आता हे विचारतात: ‘हमीची अजून अडीच वर्षं शिल्लक आहेत, तेव्हा घाई नाही. पण आधी पोलिसात जावं, हायकोर्टाच्या खंडपीठात की ग्राहक मंचात (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात)? आणि तोवर स्वतःच्या पैशाने कंट्रोलर घेतला तर चालेल का?’

नाव-गाव बदललं की अशी पाच-सहा पत्रं माझ्या टेबलावर निघतील. अनुदानावरचा पंप घेणारा शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो का, यावर मी शाई घालवत नाही. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. एजन्सीचा वकील हा मुद्दा काढेलच, काढू द्या.

तुमचं सगळं प्रकरण अडलंय ते ‘घाई नाही’ या दोन शब्दांवर. हमी पाच वर्षांची आहे, हे खरं. म्हणजे त्या पाच वर्षांत बिघाड झाला तर दुरुस्तीची जबाबदारी एजन्सीची. पण त्यांनी ती पाळली नाही, तर दाद मागायला पाच वर्षं मिळत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. हमीचा कागद आणि हे कलम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुम्ही दोन्ही एकच समजून बसलात आणि बावीस महिने फोन लावत राहिलात.

कारण घडलं कधी, यावर वाद घालता येतो. पंप बंद पडला ती ७ जूनची तारीख, मेकॅनिकचे दहा दिवस उलटले ती तारीख, किंवा दिवाळीत लेखी नकार आला ती. नकारापासून मोजावं, असं मी तुमच्या बाजूने मांडीनही, आणि एखादा आयोग ते मान्यही करील. पण ज्याच्या हातात अजून दीड महिना आहे, त्याने असल्या युक्तिवादावर विसंबायचं कशाला? सगळ्यात आधीची तारीख धरा. एप्रिल अर्धा सरलाय. ७ जूनच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे, आणि मे महिन्यात निम्मे वकील सुट्टीवर असतात हेही हिशेबात धरा.

‘ते उद्या येतो, परवा येतो म्हणत होते,’ हे तुमचं म्हणणं खरं असेल. पण नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही म्हणूनही सुटका नाही. आयोगाने तो स्वतःहून तपासायचा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका स्टेट बँकेच्या प्रकरणात ठरवून दिलंय. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि माणूस भाबडेपणाने थांबला हे सबळ कारण सहसा धरत नाहीत. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. पण कोर्ट फी भरून त्या रांगेत उभं राहायचं, तर निकालापर्यंत मोसंबीचं सरपण झालेलं असेल.

पोलिसात गेलात तर ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील. खंडपीठ विचारेल की ग्राहक आयोग असताना इकडे का आलात. त्यामुळे जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोगच गाठा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिलाय, तेव्हा हमीपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कंपनीच्या शहरातलं न्यायालय छापलं असेल तर त्या ओळीला घाबरू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. आधी वकिलाची नोटीस गेलीच पाहिजे असं कायद्यात कुठे नाही. नोटिशीच्या उत्तराची वाट पाहण्यात मुदत घालवलेले लोक मी पाहिलेत. पाठवायचीच असेल तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तक्रारीचा मसुदा त्याच आठवड्यात करायला घ्या.

गैरअर्जदार, म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो कोण, हे मात्र तुम्ही मला सांगितलंच नाहीत. ‘सरकारी सोलर’ एवढंच लिहिलंत. पंप केंद्राच्या कुसुम योजनेतून महाऊर्जेमार्फत (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) मिळाला की राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून महावितरणमार्फत, यावर एजन्सीसोबत दुसरं कुणाला जोडायचं ते ठरतं. एजन्सीला एकटीला जोडलंत तर ती म्हणेल की शेतकऱ्याने पैसे आमच्याकडे भरलेच नाहीत. लाभार्थी हिस्सा, म्हणजे अनुदान वजा जाता तुमच्या वाट्याची रक्कम, भरल्याची पावती शोधा. ती नसेल तर ज्या खात्यातून भरला त्याचा बँकेचा उतारा काढा.

विजेचं कारण ऐकून तुम्ही खचलात, ते मला पटत नाही. पंपासोबत वीजरोधक आणि अर्थिंग बसवणं हा कामाचाच भाग असतो. तुमच्या शेतात ते बसवलंय का? उद्या सकाळी फोटो काढा: वीजरोधकाचा खांब, अर्थिंगचा खड्डा, पॅनेलमागच्या नंबरांच्या पट्ट्या. बसवलं नसेल तर दोष त्यांचा. बसवूनही नुकसान झालं असेल तर विम्याचा प्रश्न येतो. ‘मागेल त्याला’मध्ये पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह आहे, आणि दुसऱ्या योजनेतला असेल तर तुमच्या कागदांत विम्याचं काय लिहिलंय ते बघावं लागेल. हमी नाही तर विमा, दोन्हींतून एजन्सी अंग काढू शकेल असं मला सकृद्दर्शनी दिसत नाही. कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलणार नाही.

कंट्रोलर पावती न घेता दिलात, ही मोठी चूक. तो त्यांच्याकडे आहे हे सिद्ध कसं करणार? ‘कंट्रोलर कधी आणता’ असा तुमचा व्हॉट्सॲप आणि ‘काम चालू आहे’ असं त्यांचं उत्तर असेल, तर तेवढाच आधार. तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका.

आणखी एक पुरावा आहे, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. या पंपांना दूरस्थ देखरेखीची यंत्रणा असते. सिमकार्ड टाकलेला छोटा डबा. पंप कोणत्या दिवशी किती चालला, याची नोंद त्यातून सर्व्हरवर जाते. योजना राबवणाऱ्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात ती मागा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला तीस दिवस. म्हणजे अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. मात्र उत्तर आलं नाही म्हणून तक्रार थांबवायची नाही, ती नोंद नंतर आयोगामार्फतही मागवता येते. ‘विहिरीलाच पाणी नव्हतं, पंपाचा दोष नाही’ हा एजन्सीचा ठरलेला बचाव त्या नोंदीने बराचसा पडेल. तुमच्या विरुद्धही ती जाईल, कारण पंप ७ जूनलाच बंद पडला हे ती बोलून दाखवेल. म्हणून तर म्हणतो, तीच तारीख धरा.

तक्रारीत दुरुस्ती किंवा बदली, नुकसानभरपाई आणि खर्च मागा. त्यासोबत अंतरिम आदेशाचा वेगळा अर्ज द्या, निकाल लागेपर्यंत पंप चालू करून द्यावा म्हणून. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात एखादं सदस्यपद रिकामं राहिलं की वर्ष निघून जातं आणि त्याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. त्यामुळे अंतरिम अर्जाला कमी लेखू नका. भरपाईचा आकडा किती मान्य होईल ते सांगता येणार नाही. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवतात ती) मोसंबीची नोंद केली असेल तर आकड्याला वजन येईल. केली नसेल, तर बाग होती हेच आधी सिद्ध करत बसावं लागेल.

राहिला नव्या कंट्रोलरचा प्रश्न. पुराव्याच्या दृष्टीने जुनी यंत्रणा जशी आहे तशी ठेवावी. तुम्ही बाहेरचा कंट्रोलर जोडलात की एजन्सी ‘छेडछाड केली’ म्हणून हमी रद्द झाल्याचं सांगणार. पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. झाडं वाचवणं हा गुन्हा नाही. उलट नुकसान टाळण्यासाठी तुम्ही काय केलंत, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. तेव्हा या उन्हाळ्यात शेजाऱ्याचं पाणी किंवा टँकर घ्या आणि प्रत्येक पैशाची पावती ठेवा. शेजारी पावती देत नसेल तर पैसे फोनवरून पाठवा, नोंद आपोआप राहते. पेट्रोल पंपावर मिळतात तसल्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरं दोन-तीन महिन्यांत उडतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. एवढं करूनही बाग राहत नसेल, तर एजन्सीला आणि योजनेच्या कार्यालयाला आधी लेखी कळवा, दोन साक्षीदारांसमोर सगळ्या जोडण्यांचा व्हिडिओ करा, मगच कंट्रोलर बसवा. बिल तुमच्या नावावर आणि जीएसटीसह घ्या.